उष्ट्या पाण्याची वीज

अजूनमामांनी कुठल्याही कामाला 'झालं' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. कर्जत-खालापूरकडच्या कितीतरी गावांत त्यांनी दुरुस्त केलेले पंप, भाताच्या गिरण्या, पिठाच्या चक्क्या आणि एका देवळाच्या घंटेचा लोलक बिनतक्रार चालू होता. पण मालकानं "मामा, झालं का?" असं विचारलं की मामा पान्यावरचं ग्रीस फडक्याला पुसत म्हणायचे, "अजून नाय." पंप पाणी ओतत असायचा, मालक भिजून उभा असायचा, आणि मामांचं अजून नायच. "येक पावसाळा जाऊ द्या, मंग बघू." कागदोपत्री त्यांचं नाव हरिश्चंद्र धोंडू भोईर होतं. ते मी इतक्यांदा टाईप केलंय की झोपेतही बोटं चुकणार नाहीत. पण त्या नावानं हाक मारली असती तर मामांनी मागे वळून पाहिलं नसतं.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे खायला गेले होते. म्हटलं, "मामा, जमलं म्हणे?" तर म्हणाले, "अजून नाय. अक्षता पडू द्या." अक्षता पडल्यावर मांडवातच मी पुन्हा विचारलं, "आता तरी झालं ना?" मामांनी मांडवाच्या खांबाकडे पाहिलं, तो जरा कललेला होता. "पोर नांदू दे की, बाई," म्हणाले. मामी शेजारीच उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "माजंबी लगीन अजून झालं नाय, बाई. बत्तीस वर्सं चाचनी चाललीय."

माझा कर्जतला टायपिंगचा क्लास होता. वडील शाळामास्तर. ते गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मी पाच मशिनं मांडली. सकाळी मुली शिकायला यायच्या, दुपारी गावातले अर्ज-विनंत्या घेऊन. लोकांचा समज असा की टाईप करणारी बाई म्हणजे अर्धी वकील. "बाई, जरा जोरदार करून टाका," "बाई, पाच मुलं आहेत तर सात लिहा." कंटाळून मी शेवटी भिंतीवर पाटीच लावली : 'मजकूर बदलून मिळणार नाही.' त्या पाटीचा मला फार अभिमान होता. पुढे काय झालं ते सांगतेच, पण पाटी लक्षात ठेवा.

मामांची वाडी भिवपुरीच्या बाजूला, कालव्याच्या काठी. तिथला मामला असा होता की वर डोंगराच्या पायथ्याशी वीजघर, घाटमाथ्यावरचं पाणी मोठ्या नळांतून तिथं उतरायचं आणि वीज करायचं. वीज तारांवरून वाडीच्या डोक्यावरून थेट मुंबईला जायची आणि काम संपलेलं पाणी कालव्यानं वाडीच्या पायाशी वाहायचं. वर तारा, खाली पाणी आणि मधल्या वाडीत रॉकेलच्या चिमण्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मामांना वाटलं. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून अठरा वर्षं काढून ते परत आले, कालव्याकाठी पत्र्याची शेड टाकून बसले आणि त्या पाण्याकडे पाहत राहिले.

"मुंबई जेवून उठली, तिचं हे उष्टं पानी," ते सांगायचे. "आमी उष्ट्याला नाय म्हनत नाय, बाई. पन ताटात काय ऱ्हायलंय ते बघू तरी द्या." त्यांचं म्हणणं, पाणी एकदा वीज करून दमलं तरी वाहतं आहे म्हणजे अजून अंगात जीव आहे. त्यात चाक घातलं तर वाडीची भाताची गिरण चालेल आणि आठ घरांत दिवा लागेल. वाडीच्या बायका भाताची पोती डोक्यावर घेऊन दीड कोस चालत भरडायला जायच्या. मामीही जायच्या, आणि परत आल्यावर मामांना काय बोलायचं ते सगळं बोलून घ्यायच्या.

तेलाचे भाव भडकले ती ही वर्षं. रॉकेलला रांगा लागल्या आणि सरकारला एकदम आठवण झाली की वारा, ऊन, शेण आणि पाणी यांतही ऊर्जा असते. छोट्या कारखानदारांनी ती शोधून काढावी, सरकार संशोधनाला अनुदान देईल, अशी जाहिरात आली. चौक गावच्या एका गॅरेजवाल्यानं मामांना बेअरिंग बांधून दिलं ते त्याच जाहिरातीच्या कागदात. बेअरिंग मामांनी शेडमध्ये ठेवलं आणि कागद घेऊन माझ्याकडे आले.

तेलकट डाग सोडून मी जाहिरात वाचून दाखवली. मग फॉर्म मागवला. तो सोळा पानी आला, इंग्रजीत, सहा प्रतींत भरायचा. पहिला रकाना संशोधन संस्थेच्या नावाचा. मामा म्हणाले, "लिवा, पत्र्याची शेड." पुढचा रकाना प्रमुख संशोधकाच्या शैक्षणिक पात्रतेचा. "चौथी पास. फिटर." मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, 'अनुभवी तंत्रज्ञ' असं लिहिता येतं. खोटंही नाही." मामांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. मी 'चौथी पास' टाईप केलं. मग रकाना आला, संशोधन कोणत्या तारखेस यशस्वी होईल. मामांनी फॉर्म हातात घेऊन पाहिला. "बाई, ते म्हाईत असतं तर संशोधन कशाला म्हनलं असतं?" म्हणाले. मी तेवढंच इंग्रजी करून टाकलं. मला वाटलं, आता हा अर्ज कचऱ्याच्या टोपलीत जाणार.

अनुदान मंजूर झालं. का झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित मंत्रालयात एखाद्यानं तो रकाना वाचला असेल. मंजुरीआधी मुंबईहून एक तरुण साहेब पाहणीला आले, गळ्यात थर्मास अडकवलेला. माणूस भला होता. त्यांनी विचारलं, "आपली प्रयोगशाळा कुठाय?" मामांनी कालवा दाखवला. घाटात ब्रेक निकामी होऊन उलटलेल्या ट्रकचे गिअर आणि डायनामो चौकहून आणून मामांनी चाकाच्या दांड्याला जोडले होते. साहेबांनी ते खाली वाकून पाहिले, पँटला चिखल लागला तरी पाहत राहिले. जाताना म्हणाले, "अनुदानाचा दुसरा टप्पा मिळाला तर इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक मदतीला देता येतील. गणित ते करून देतील." मामांच्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नसे, पण त्या दिवशी साहेबांची गाडी दिसेनाशी झाली तरी ते रस्त्यावर उभे होते.

अनुदानाबरोबर अटी आल्या. पंधरा पानं. त्यांच्या सहा प्रती हव्या होत्या, त्या मीच टाईप केल्या. इथं एक कबुली द्यायला हवी. टाईप करणारी बाई वाचत नाही. डोळ्यांनी अक्षर उचलायचं आणि बोटांनी खाली ठेवायचं, मधे डोकं आणलं की वेग उतरतो. मुलींना मी हेच शिकवत होते. त्या पंधरा पानांतली मोठ्या अक्षरांतली एक अट तेवढी मी मामांना सांगितली, कारण ती डोळ्यांत भरण्यासारखी होती : यंत्र सात दिवस अखंड चालवून दाखवायचं.

"सात?" मामा म्हणाले.

"सात."

"ह्ये मुंबईत बसून लिवलंय," मामा म्हणाले आणि फडकं खिशात घालून निघून गेले.

त्याचा अर्थ मला वाडीवर गेल्यावर कळला. कालव्याचं पाणी आपल्या मर्जीनं येत नसे. मुंबईच्या गिरण्या चालू असल्या की वर वीज व्हायची आणि खाली पाणी यायचं. रविवारी गिरण्यांना सुट्टी. मागणी कमी की वरचं पाणी वरच राहायचं आणि कालवा घोट्याएवढा होऊन बसायचा. वाडीला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मुंबई न पाहिलेल्या म्हाताऱ्याही पाण्यावरून सांगायच्या, आज मुंबईला सण दिसतोय. रविवारी पोरं डबक्यांत मासे धरायची, बायका उघड्या पडलेल्या दगडांवर गोधड्या आपटायच्या. सात दिवस अखंड ही अट ज्यानं लिहिली त्याच्या नदीला रविवार नसावा.

दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल पाठवायचा असे. मामा सांगायचे, मी इंग्रजी करायची, टाईप करायची, मग मराठीत त्यांना वाचून दाखवायची आणि माझं बोट असेल तिथं ते सही करायचे. इतर लोक अशा अहवालांत काय लिहितात ते मला ठाऊक होतं, कारण तेही मीच टाईप करत होते. मामांचा पहिला अहवाल असा : 'या तीन महिन्यांत पातं मोडलं. का मोडलं ते कळलं.' दुसरा : 'दुसरं पातं मोडलं. का मोडलं ते कळलं नाही.' तिसरा : 'पातं मोडलं नाही. का मोडलं नाही ते कळलं नाही.' प्रत्येक अहवालावर सरकारकडून छापील कार्ड यायचं : 'आपला अहवाल मिळाला. प्रगती समाधानकारक आहे.' मामा ते कार्ड मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. "मोडलं त्येबी समाधानकारक?" विचारायचे. मी म्हणायची, तसं छापलंय खरं. "मानसं भली हायती," मामा म्हणायचे.

रविवारी मामा कामाला हात लावत नसत. काठावर बसून खाली गेलेलं पाणी पाहत राहायचे. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "ह्येबी पानीच हाय की. थोडं हाय म्हनून कमी जातीचं नाय." त्यांच्या डोक्यात दुसरं चाक होतं, रविवारचं चाक. रुंद, हलकं, कमी पाण्यावर फिरेल असं. शेडच्या पत्र्याच्या दारावर त्यांनी खडूनं ते काढलं होतं आणि पावसानं पुसलं की पुन्हा काढत होते. पात्याला किती वाक द्यायचा, इथं सगळं अडत होतं. "माजं गनित चौथीपातुर," मामा म्हणाले. "रविवारचं पानी त्याच्या म्होरलं हाय." म्हणून त्यांना दुसरा टप्पा हवा होता, म्हणजे तो प्राध्यापक. दुसरं काही त्यांनी सरकारकडे कधी मागितलं नाही. मामींना रविवारचं मोठं काही वाटत नव्हतं. "सा दिस उजेड आन्‌ सातव्या दिशी काळोख," त्या म्हणायच्या, "म्हंजी काय, दिव्यालाबी म्हायेर हाय?" पण मामा बसले की चहा काठावर आणून द्यायच्या.

शेवटची चाचणी दिवाळीनंतर ठरली. सोमवारी सकाळी मामांनी पाण्यासमोरची फळी उचलली, चाक कुरकुरलं, मग लागलं फिरायला. पहिलं पोतं मामींच्या भाताचं. तांदूळ बाहेर आला तेव्हा मामींनी मूठभर घेऊन वास घेतला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. मामींनी गप्प बसणं ही वाडीत बातमीच होती. तिन्हीसांजेला आठ घरांत आठ दिवे लागले. लोक आपला दिवा सोडून दुसऱ्याचा बघायला जात होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार. शेजारच्या वाड्यांतून भात यायला लागलं. शुक्रवारी एका म्हाताऱ्यानं चाकाला हळद-कुंकू वाहिलं. मामांनी ओलं बेअरिंगला लागेल म्हणून त्याला जरा बाजूला वाहायला सांगितलं.

रविवारी सकाळी मी मुद्दाम गेले. पाणी हळूहळू खाली जात होतं. मला वाटत होतं, आज एक दिवस मुंबईनं एखादी गिरण चालू ठेवावी. चाक मंद झालं, अडखळलं, एक पातं पाण्यात बुडवून थांबलं. गोधड्या घेऊन बायका आल्या. मामांनी खिशातून वही काढून लिहिलं आणि मला म्हणाले, "चहा घ्या, बाई."

मंगळवारी ते क्लासवर आले. मी कार्बन घालून कागद चढवले. मामा सांगू लागले. "सा दिस चाललं. सातव्या दिशी पानी आलं नाय. थांबलं."

मी म्हटलं, "मामा, यंत्र कुठं थांबलं? पाणी थांबलं. तुमचा काय दोष?"

"चाक फिरत व्हतं का?"

"नव्हतं."

"मंग थांबलंच की."

मी वाद घालणं सोडलं आणि टाईप करायला बसले. पण डोक्यात विचार आला तो गेला नाही. खोपोलीच्या एका वर्कशॉपवाल्याची अशीच योजना अट पुरी झाली नाही म्हणून बंद पडली होती. त्याचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं, तो खुर्चीतून कसा उठला ते मला दिसत होतं. मी मास्तरांची मुलगी. जो पास होतो तो वरच्या वर्गात जातो आणि नापास होतो तो जात नाही, हे मला जन्मापासून माहीत. मामांना वरच्या वर्गात जायचं होतं. एका दिवसासाठी, तोही रविवार. मी सात टाईप केलं. सरकारी रिवाजाप्रमाणे आकड्यात आणि अक्षरात, दोन्हींत. मग कागद उतरवले आणि मराठीत वाचून दाखवलं, "सहा दिवस चाललं." मामांनी माझ्या बोटाजवळ सही केली. सहा प्रतींवर सहा वेळा. भिंतीवरच्या पाटीकडे मी पाहिलं नाही.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. या वेळी कार्ड नव्हतं, जाड लिफाफा होता. आत सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्र. मामा नवीन शर्ट घालून आले होते. मी पत्र आधी मनात वाचलं. लिहिलं होतं की आपली योजना पूर्ण यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन. दुसरा टप्पा नियम अमुक पोटनियम तमुकप्रमाणे ज्यांचं उद्दिष्ट अंशतः अपुरं राहिलं आहे अशाच योजनांना देता येतो. आपल्या योजनेत काही अपुरं राहिलेलं नसल्यामुळे फाईल बंद करण्यात येत आहे. तो पोटनियम मी सहा प्रतींत टाईप केला होता. माझ्या बोटांना तो माहीत होता. आणि खोपोलीवाल्याची कोणती अट राहिली होती, तेही मी कधी विचारलं नव्हतं.

"वाचा की," मामा म्हणाले.

मी वाचलं. सगळं, आहे तसं.

"काय अपुरं नाय?" मामा म्हणाले. "आन्‌ रविवार?"

मी सांगितलं. सहाचं सात मी केलं, वाचून सहा दाखवलं, आणि तुमच्याकडून त्याच्यावर सही घेतली. क्लासमध्ये एक मुलगी मशीन चालवत होती, ती थांबली. मी तिला घरी जायला सांगितलं. मामा उठून माझ्या मशिनापाशी आले.

"सहा कंचा?"

मी कळ दाखवली.

"सात?"

मी शेजारची कळ दाखवली. मामा वाकून दोन्ही कळांकडे पाहत राहिले. "लागून लागून हायती," ते म्हणाले. "बोट सरकलं आसंल."

सुटायला वाट होती. त्यांनीच काढून दिली होती. पण आकड्यात बोट सरकेल, अक्षरात कसं सरकेल? मी म्हटलं, "नाही मामा. बोट सरकलं नाही. मी जाणून केलं."

मामांनी एकदा मान हलवली. "मंग बरं," म्हणाले. "मिशीन चुकलं असतं तर खोलावं लागलं असतं."

मी तिथंच रडले. मामा फडकं काढून द्यायला लागले, ते ग्रीसनं भरलेलं होतं, मग त्यांनी ते परत खिशात ठेवलं. म्हणाले, "आता खरं लिवा." मी कागद चढवला : आधीच्या अहवालात सात दिवस लिहिलं ते चूक, खरे दिवस सहा. पुढं मी 'ही चूक टंकलेखिकेची आहे' असं म्हणताच त्यांनी हात वर केला. "सही कुनाची?"

"तुमची."

"मंग चूक माजी. लिवा."

उत्तराला आठ महिने लागले. थर्मासवाल्या साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी सभ्य भाषेत कळवलं होतं की एकदा यशस्वी ठरलेली योजना नंतर अयशस्वी ठरवण्याची नियमांत तरतूद नाही, सबब आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही. प्रशस्तिपत्र परत मागितलं नव्हतं. मामींनी ते तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. डब्याला ते नेमकं बसलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी पापक्षालन म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजांना पत्रं लिहिली. एका प्राध्यापकांचं उत्तर आलं, सरकारी फाईलचा चालू क्रमांक कळवावा. चालू क्रमांक नव्हता. मग मामांनी गणिताशिवाय सुरुवात केली. पातं वाकवायचं, रविवारी पाण्यात घालून बघायचं, आठवडाभर पुन्हा वाकवायचं. वर्षाला बावन्न रविवार, त्यांतले पावसाळ्याचे जाणार. मी अधूनमधून रविवारी जायची, वहीत मामा सांगतील ते लिहायची. ते कधी एका शब्दानं मला लागेल असं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटायचं.

काही वर्षांनी वाडीत सरकारी विजेचे खांब आले. मामींनी हट्टानं पहिल्याच फेरीत दिवा घेतला. बटण दाबून त्या म्हणाल्या, "आता तरी झालं का?" मामा दिव्याकडे बघत म्हणाले, "अजून नाय. रविवार जाऊ दे." रविवार आला. दिवा लागला. मामा थोडा वेळ त्याच्याखाली बसले आणि उठून कालव्यावर गेले. गिरणीलाही विजेची मोटर बसली. कालव्यावरच्या चाकाकडे कुणी फिरकेना. लोक म्हणायचे, मामा, आता कशाला? मामा म्हणायचे, कशाला म्हंजी? अजून नाय झालं.

एका हिवाळ्यात ते चार दिवसांच्या तापानं गेले. मला निरोप उशिरा मिळाला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि शेडच्या दारावर खडूचं चाक तसंच होतं. इतके उपकार माझ्यावर दुसऱ्या कुणाचे नव्हते आणि इतकं नुकसानही मी दुसऱ्या कुणाचं केलेलं नव्हतं. ते मला त्या दारापुढं कळलं.

महिन्याभरानं मामी क्लासवर आल्या. पिशवीतून मामांची वही काढली. "त्ये रिपोट धाडायचे ना, तीन म्हैन्यानं," म्हणाल्या. "ह्यो येक ऱ्हायलाय. घाला सरकारला." मी सांगणार होते की फाईल बंद होऊन सहा वर्षं झाली. नाही सांगितलं. शेवटच्या पानावर मामांच्या मोठ्या अक्षरांत होतं : 'रईवार. नवं चाक चार तास फिरलं. मंग थांबलं. का थांबलं ते कळलं नाय.'

मी कार्बन घालून सहा कागद चढवले आणि हाताखालचा मजकूर वाचत टाईप केला. त्या प्रकरणापासून मी वाचून टाईप करते. माझा वेग मिनिटाला दहा शब्दांनी उतरला तो उतरलाच. रविवार, चार तास, कळलं नाही. मराठीत वाचून दाखवलं, मामींनी माझ्या बोटाजवळ अंगठा उठवला. सहा वेळा. जुन्याच पत्त्यावर, जुनाच क्रमांक घालून मी ते टपालात टाकलं.

पंधरा दिवसांनी छापील कार्ड आलं. मामी कशाला तरी कर्जतला आल्या होत्या, त्यांना मी वाचून दाखवलं. "आपला अहवाल मिळाला. प्रगती समाधानकारक आहे."

मामींनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "समाधानकारक म्हंजी काय, बाई? झालं का?"

"अजून नाही, मामी," मी म्हटलं.

"आसं," त्या म्हणाल्या, कार्ड कनवटीला खोचलं आणि भिवपुरीच्या गाडीला निघाल्या.